उत्तर नव्हे, अडलेली पायरी विचारावी : अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि इंटरनेटवरील मदत

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात एखादे गणित अडले म्हणजे ते बहुधा रात्रीच अडते. सबमिशनची तारीख दुसऱ्या दिवसाची असते, प्राध्यापक उपलब्ध नसतात, वसतिगृहातील सोबतीही त्याच ठिकाणी अडलेले असतात. पूर्वी अशा वेळी वरच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याचे दार ठोठावले जाई किंवा गणित तसेच सोडून दिले जाई. आता विद्यार्थी मोबाईल फोन हाती घेतो, प्रश्नाचे छायाचित्र काढतो आणि 'हे सोडवून द्या' एवढी विनंती जोडून ते इंटरनेटवर पाठवतो.

कधी काही क्षणांत उत्तर येते, कधी कोणीच दखल घेत नाही आणि कधी चुकीचे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने दिले जाते. मदत मिळवण्याची साधने गेल्या दोन दशकांत विपुल झाली आहेत. परंतु त्या साधनांतून शिक्षण घडेल की केवळ वही भरेल, हे बहुतांशी प्रश्न कसा विचारला जातो यावर ठरते.

मदतीची साधने कशी वाढली

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यानंतरची काही वर्षे विद्यार्थ्यांसाठी इंटरनेट म्हणजे सायबर कॅफेतील तासाभराची बैठक होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने आपले अभ्यासक्रम सर्वांना विनामूल्य खुले करण्याचा निर्णय २००१ मध्ये जाहीर केला. भारतात २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एकत्र येऊन 'एनपीटीईएल' हा कार्यक्रम सुरू केला. त्याद्वारे नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने लहान गावांतील महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. २०१४ पासून या कार्यक्रमात प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम सुरू झाले आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ आले.

याच काळात प्रश्नोत्तरांची संकेतस्थळेही उभी राहिली. 'फिजिक्स फोरम्स' २००१ मध्ये, तर संगणक प्रणालीकारांचे 'स्टॅक ओव्हरफ्लो' २००८ मध्ये सुरू झाले. पुढे गणित, विद्युत अभियांत्रिकी अशा विषयांसाठी त्याच धर्तीवर स्वतंत्र विभाग निघाले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून प्रश्नाला उत्तर देणारा पलीकडे माणूसच असेल, असे राहिले नाही.

प्रश्न दुर्लक्षित का राहतात

तांत्रिक प्रश्नांना उत्तरे देणारे बहुतेक जण हे काम विनामोबदला करतात. त्यांत नोकरी करणारे अभियंते, निवृत्त प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी असतात. गृहपाठाचे गणित जसेच्या तसे उतरवून उत्तर मागणाऱ्याविषयी त्यांना आस्था वाटत नाही. यात उद्धटपणा असतोच असे नाही. पूर्ण उत्तर दिल्यास विद्यार्थ्याचे नुकसान होते, असा त्यांचा अनुभव असतो.

म्हणूनच 'फिजिक्स फोरम्स'ने गृहपाठाच्या प्रश्नांसाठी तीन भागांचा एक नमुना रूढ केला. पहिल्या भागात प्रश्नाचे पूर्ण विधान, दुसऱ्या भागात संबंधित सूत्रे आणि तिसऱ्या भागात विद्यार्थ्याने स्वतः केलेला प्रयत्न. स्वतःचा प्रयत्न न दाखवलेले प्रश्न अनेक संकेतस्थळांवर बंद केले जातात. नवागत विद्यार्थ्याला हा नियम जाचक वाटतो. पण त्यामागील विचार एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होतो.

एका बीमचे उदाहरण

स्थापत्य व यंत्र अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीच्या वर्षांत भेटणारे एक गणित घेऊ. दोन्ही टोकांना साधा आधार असलेला ६ मीटर लांबीचा बीम आहे. डाव्या आधारापासून २ मीटर अंतरावर १२ किलोन्यूटनचा भार आहे. बीमचे स्वतःचे वजन विचारात घ्यायचे नाही. दोन्ही आधारांवरील प्रतिक्रिया आणि सर्वाधिक बेंडिंग मोमेंट काढायचे आहे. पुस्तकाच्या शेवटी मोमेंटचे उत्तर १६ किलोन्यूटन-मीटर असे दिले आहे.

विद्यार्थी विचार करतो की आधार दोन आहेत, तेव्हा भार निम्मा-निम्मा वाटला जाईल. तो प्रत्येक आधारावर ६ किलोन्यूटन प्रतिक्रिया धरतो. दोन्हींची बेरीज १२ येते, म्हणजे ताळा जुळला असे त्याला वाटते. मग भाराखालील मोमेंट ६ गुणिले २, म्हणजे १२ येते. पुस्तकातील उत्तर मात्र १६ आहे. येथे तो अडतो.

आता त्याने केवळ प्रश्न पाठवला, तर एखादा परोपकारी गृहस्थ 'प्रतिक्रिया ८ आणि ४, मोमेंट १६' असे लिहून देईल. वहीत उत्तर उतरेल. परंतु परीक्षेत भार दुसऱ्या ठिकाणी दिला, की विद्यार्थी पुन्हा तो निम्मा-निम्मा वाटेल, कारण त्याची चूक कोणी पाहिलेलीच नाही.

याउलट, 'भार दोन आधारांवर समान वाटला, प्रतिक्रियांची बेरीज जुळते, तरी मोमेंट १२ येते. चूक कोठे आहे?' असे त्याने विचारले, तर जाणकाराला एका दृष्टिक्षेपात दोष दिसतो. भार मध्यभागी असेल तरच तो समान वाटला जातो. येथे उजव्या आधाराभोवती मोमेंट घ्यावयास हवे. डावी प्रतिक्रिया गुणिले ६ बरोबर १२ गुणिले ४, म्हणून डावी प्रतिक्रिया ८ आणि उरलेली उजवी ४. भाराखालील मोमेंट डावीकडून ८ गुणिले २, म्हणजे १६, आणि उजवीकडून ४ गुणिले ४, म्हणजे तेही १६.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विद्यार्थ्याच्या चुकीच्या उत्तरातही प्रतिक्रियांची बेरीज बरोबर होती. म्हणजे एकच ताळा पुरेसा नव्हता. त्याने उजवीकडूनही मोमेंट काढले असते, तर ते ६ गुणिले ४, म्हणजे २४ आले असते. एकाच बिंदूवर डावीकडून १२ आणि उजवीकडून २४ येऊ शकत नाही. चूक आहे हे त्याला कोणालाही न विचारता, पुस्तकातील उत्तर न पाहताही समजले असते. चांगला जाणकार बहुधा हाच दुसरा ताळा शिकवतो, आणि तो पुढील प्रत्येक गणितात उपयोगी पडतो.

प्रश्न लिहिता लिहिता उत्तर

प्रश्न नीट मांडण्याचा आणखी एक लाभ असा, की अनेकदा तो पाठवण्याची वेळच येत नाही. विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी १ किलोओहम रोध आणि १०० मायक्रोफॅरड धारित्र असलेल्या मंडलाचा कालस्थिरांक काढतो आणि त्याचे उत्तर १०० सेकंद येते. खरे उत्तर ०.१ सेकंद आहे. पूर्ण प्रश्न, एकके आणि प्रत्येक पायरी कागदावर मांडताना 'मायक्रो'च्या जागी आपण 'मिली' धरले, हे त्याच्या लक्षात येते. हजारपटीची चूक एका उपसर्गात दडलेली असते.

संगणक अभियांत्रिकीतही हेच घडते. फॅरनहाइटचे सेल्सिअस करण्यासाठी सी भाषेत लिहिलेला एखादा प्रोग्रॅम २१२ अंशांचे उत्तर १०० ऐवजी ० देतो. शंभर ओळींचा संपूर्ण प्रोग्रॅम पाठवून 'चालत नाही' असे लिहिल्यास तो वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. अनावश्यक ओळी वगळत गेल्यावर मात्र शेवटी एकच ओळ उरते. त्या ओळीत ५ भागिले ९ असे लिहिलेले असते, आणि दोन्ही संख्या पूर्णांक असल्याने सी भाषा त्या भागाकाराचे उत्तर ० देते. ५ च्या जागी ५.० लिहिल्यास दोष दूर होतो. दोष दाखवणारा सर्वांत छोटा प्रोग्रॅम तयार करणे हीच दोष शोधण्याची रीत आहे.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकाने या रीतीचा एक गमतीदार प्रकार लोकप्रिय केला. टेबलावर रबराचे बदक ठेवावे आणि आपला प्रोग्रॅम त्याला ओळीओळीने समजावून सांगावा. बदक काही बोलत नाही; परंतु समजावणाऱ्याला स्वतःची चूक ऐकू येते. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मधील 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या ग्रंथात गणित सोडवण्याचे चार टप्पे सांगितले होते : प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि मागे वळून पाहणे. इंटरनेटवर मदत मागणारा विद्यार्थी बहुधा पहिला टप्पा गाळतो आणि उत्तर मिळताच चौथाही विसरतो.

मदत मागण्यापूर्वी काय पाहावे

विचारण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन ठिकाणी पाहावे, असे सर्वसाधारणपणे सांगता येईल. पहिले ठिकाण म्हणजे नेमलेल्या पुस्तकातील त्याच प्रकारचे सोडवलेले उदाहरण. दुसरे म्हणजे त्या घटकावरील व्याख्यान. 'एनपीटीईएल'च्या अनेक व्याख्यानांची लिखित रूपे मराठीसह अन्य भारतीय भाषांतही उपलब्ध करण्यात आली आहेत. प्रमाणपत्र अभ्यासक्रमात नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला तेथील चर्चेत साहाय्यक शिक्षकांना शंका विचारता येतात.

तिसरे ठिकाण प्रात्यक्षिकाचे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज' या उपक्रमात प्रयोगशाळेतील प्रयोग संगणकाच्या पडद्यावर करून पाहता येतात. प्रत्येक प्रयोगाला सिद्धांत, कार्यपद्धती आणि प्रयोगापूर्वीची व नंतरची छोटी चाचणी जोडलेली असते. ज्या महाविद्यालयात एका उपकरणाभोवती विद्यार्थ्यांचा घोळका उभा राहतो, तेथील विद्यार्थ्याला रोध वा भार बदलून परिणाम पुन्हा पुन्हा पाहण्याची संधी येथे मिळते.

मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सी, पायथन, सायलॅब यांसारख्या विषयांचे छोटे पाठ असून त्यांपैकी अनेकांचे मराठी ध्वनिमुद्रणही आहे. तेथे शंका विचारताना पाठातील नेमके मिनिट आणि सेकंद निवडता येतात. अडलेली जागा बोटाने दाखवण्याची ही सोय प्रश्न कसा असावा, याचाच धडा म्हणता येईल.

भाषेची अडचण

मराठी माध्यमातून शालेय शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्याला एक जादा अडसर असतो. गणित समजते, चूक कोठे असावी याचा अंदाजही असतो; परंतु तो इंग्रजीत मांडताना शब्द सापडत नाहीत. मग संकोचाने केवळ छायाचित्र पाठवले जाते, आणि वाचणाऱ्याला वाटते की विद्यार्थ्याने प्रयत्नच केलेला नाही. नागपूर असो वा इंदूर, बेळगाव असो वा हैदराबाद, ही अडचण सारखीच आहे.

तिच्यावर उपाय आहे. तांत्रिक प्रश्नात भाषेचे बरेचसे काम आकृती, सूत्रे आणि आकडे करतात. काय दिले आहे, काय काढायचे आहे, आपण काय केले, काय आले आणि काय यायला हवे होते, ही पाच छोटी वाक्ये पुरेशी असतात. व्याकरणातील चुकांमुळे प्रश्न नाकारला जाण्याची शक्यता कमी असते. माहिती अपुरी असेल तर मात्र तो हमखास मागे पडतो.

अभ्यासाच्या साधनांतही बदल होत आहे. २०२१ मध्ये देशातील आठ राज्यांतील १४ अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू आणि बंगाली या पाच भाषांतून शिक्षण देण्याची तयारी दर्शवली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 'ई-कुंभ' या संकेतस्थळावर अभियांत्रिकीची पुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केली आहेत. संकल्पना मातृभाषेत समजून घ्यावी आणि प्रश्न इंग्रजीत विचारावा, हा मध्यममार्ग त्यामुळे अधिक सुकर झाला आहे.

यंत्राने दिलेले उत्तर

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने रात्री दोन वाजताही उत्तर देतात, कंटाळत नाहीत आणि मराठीतही संवाद साधतात. संकोची विद्यार्थ्यासाठी हा मोठा दिलासा आहे. परंतु ही साधने मुळात अफाट मजकुराच्या आधारे पुढील संभाव्य शब्द रचत जातात. त्यामुळे बरोबर उत्तर आणि चुकीचे उत्तर दोन्ही सारख्याच ठामपणे लिहिलेले असते. आकृतीतील भाराची जागा चुकीची वाचली जाते, एकक बदलते किंवा चिन्ह उलटते, आणि तरीही उत्तर नीटनेटके दिसते. याच कारणासाठी 'स्टॅक ओव्हरफ्लो'ने डिसेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी'ने तयार केलेली उत्तरे देण्यास मनाई केली होती.

ज्या विद्यार्थ्याला बीमचा दुसरा ताळा माहीत आहे, तो यंत्राचे उत्तरही पडताळू शकतो. ज्याला तो माहीत नाही, त्याच्यापुढे बरोबर व चूक ओळखण्याचा मार्गच नसतो. म्हणून 'हे गणित सोडव' असे सांगण्याऐवजी 'माझ्या तिसऱ्या पायरीत चूक आहे का, उत्तर न सांगता दाखव' असे विचारणे अधिक हितकारक ठरते. सूत्र कोठून आले हे विचारावे आणि ते पुस्तकात पडताळून पाहावे.

मदत आणि नक्कल यांतील सीमारेषा

पैसे घेऊन असाइनमेंट अथवा प्रकल्प-अहवाल लिहून देणाऱ्यांचाही एक बाजार उभा राहिला आहे. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये अशा सेवांविरुद्ध कायदे केले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधी विनियम लागू केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपेक्षा अधिक आणि ४० टक्क्यांपर्यंत असल्यास तो दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर तो सादर करता येत नाही. आणि ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे नियम विशेष ध्यानात ठेवावयास हवेत.

नित्याच्या सबमिशनसाठी एक सोपी कसोटी पुरते. मिळालेले उत्तर बाजूला ठेवावे आणि कोऱ्या कागदावर तेच गणित, आकडे बदलून, पुन्हा सोडवावे. ते सुटले तर ती मदत होती; न सुटल्यास ती नक्कल होती. तोंडी परीक्षेत परीक्षक साधारणपणे हीच कसोटी लावतात. फाईलमधील एखादी पायरी दाखवून 'हे असे का?' एवढेच ते विचारतात, आणि उतरवून काढलेल्या फाईलचे पितळ तेथेच उघडे पडते.

परीक्षागृहातील तीन तास

या साऱ्याचा हिशेब लेखी परीक्षेत होतो. तेथे विद्यार्थ्याजवळ प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि कॅल्क्युलेटर एवढेच असते. वर्षभर इंटरनेटवरून केवळ उत्तरे गोळा करणाऱ्याला त्या तीन तासांत विचारायला कोणी नसते, आणि राहिलेला विषय पुढील सत्रात एटीकेटीच्या रूपाने मागे लागतो. ज्याने प्रत्येक वेळी आपली अडलेली पायरी शोधून विचारली, त्याच्याजवळ मात्र स्वतःची चूक ओळखण्याची सवय असते.

पदवीनंतर या सवयीचे मोल आणखी वाढते. कागदावरचा ६ मीटरचा बीम उद्या एखाद्या शाळेच्या छताखाली असेल आणि त्याच्या आकडेमोडीखाली त्याच विद्यार्थ्याची स्वाक्षरी असेल. पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर त्या वेळी उपलब्ध नसते. डावीकडून आणि उजवीकडून मोमेंट सारखे येते का, हे पाहण्याची जबाबदारी त्याचीच असते.